आमची वाटचाल : नव्या बांधणीकडून ग्रंथदुरुस्तीकडे

आमची फर्म मुळात बाइंडिंगची. ग्रंथालयातून गठ्ठे यायचे. जुना पुठ्ठा काढायचा, कण्याकडून टोचून शिवायचं, तिन्ही कडा कटिंग मशीनवर छाटायच्या आणि वर रेक्झिन चढवायचं. अशी बांधणी हाताला भक्कम लागते, पण आतल्या बाजूचा जवळजवळ सेंटिमीटरभर समास शिवणीत जातो. पुस्तक पूर्ण उघडत नाही. वाचक ते दाबून उघडतो, पान शिवणीच्या रेषेवर वाकतं आणि कागद जुना असेल तर तिथेच तुटतं. एकदा फर्म्यांच्या (दुमडलेल्या पानांच्या जुड्यांच्या) कण्याकडच्या घड्या कापल्या की पुन्हा जुजबंदी, म्हणजे घडीतून शिवण, करायची तर प्रत्येक दोन पानं पट्टीने जोडत बसावं लागतं. म्हणून आम्ही ग्रंथदुरुस्ती शिकून घेतली. आज आमच्या कामाचा मोठा भाग पुस्तकाला शक्य तितका कमी हात लावण्याचा आहे.

सुरुवात खळीपासून, म्हणजे कागद चिकटवायच्या लापशीपासून, झाली, आणि नव्या कारागिराला आजही आम्ही तिथूनच शिकवतो. खळ मैद्याची नको, गव्हाच्या शुद्ध स्टार्चची हवी. मैद्यातलं ग्लुटेन पिवळं पडतं आणि किडीला बोलावतं. मापाने १ भाग स्टार्च आणि ५ भाग पाणी घेऊन तासभर भिजवायचं. मग मंद आचेवर, हात न थांबवता, २० ते ३० मिनिटं शिजवायचं. आधी ती पांढरी आणि घट्ट होते, नंतर तिला पारदर्शक झाक येते. ही झाक येण्याआधी उतरवलेली खळ चिकटते खरी, पण वाळल्यावर सुटते. गार झाल्यावर बारीक चाळणीतून दोनदा घासून काढायची आणि कामापुरती पाणी घालून पातळ करायची. टिश्यूसाठी, म्हणजे फाट जोडायच्या अतिपातळ कागदासाठी, ती ताकाइतकी पातळ लागते. थोडीच करावी, थंड जागी ठेवावी आणि आंबट वास आला की टाकून द्यावी. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद (तांब्याचा क्षार) घालायची जुनी रीत आम्ही पाळत नाही. तांब्यामुळे कागदातला सेल्युलोज लवकर झिजतो, म्हणजे किडीपासून वाचवलेलं पान आपणच ठिसूळ करतो.

फाटलेलं पान जोडायला चौरस मीटरला ५ ते १० ग्रॅम वजनाचा, कोझोच्या (तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीच्या) धाग्यांचा जपानी टिश्यू वापरतो. तो कात्रीने कापायचा नाही. ओल्या कुंचल्याने रेघ ओढायची आणि त्या रेघेवर टिश्यू हलकेच ओढून तोडायचा, म्हणजे कडेला धागे मोकळे राहतात. धारदार कडेची पट्टी लावली तर पान पुढे त्याच कडेवर मोडतं. पट्टीची रुंदी ६ ते ८ मिलिमीटर पुरते. चिकटवण्याआधी फाटीच्या दोन्ही कडा नीट पाहायच्या. कागद सहसा तिरका फाटतो, त्यामुळे कोणती कड खाली जाते आणि कोणती वर बसते हे आधी ठरवावं लागतं. हा क्रम उलटा झाला तर छापलेल्या ओळीतून पांढरी रेघ दिसते. पट्टी काचेवर ठेवून तिला खळ लावायची, चिमट्याने उचलून फाटीवर बसवायची. वर पॉलिएस्टरचं न विणलेलं कापड, त्यावर टिपकागद, त्यावर काच आणि वजन. टिपकागद थोड्या मिनिटांनी बदलायलाच हवा. ओल आत राहिली तर पान सुरकुततं किंवा वाळताना डागाची कड उमटते.

दुरुस्ती नेहमी पानापेक्षा थोडी दुबळी हवी. पुढे ताण आलाच तर पट्टी सुटावी, पान फाटू नये. जाड कागदाच्या पट्ट्या आणि कडक गोंद हे नेमकं उलट करतात. सुतारकामाचा पांढरा गोंद तर आम्ही दुकानातच ठेवत नाही. वाळल्यावर तो पाण्याने परत सुटत नाही.

चिकटपट्टीबद्दल ग्रंथालयांना आम्ही कळकळीने सांगतो : लावू नका. तिचा चिकट थर आधी मऊ होतो, कागदात झिरपतो, मग पिवळा पडून कडक होतो. वरची पट्टी गळून पडते, डाग राहतो. ताजी असेल तर पट्टी कोमट स्पॅच्युलाने उचलता येते आणि उरलेला चिकटा क्रेप रबराने घासून निघतो. जुना तपकिरी डाग मात्र द्रावकांशिवाय हलत नाही. ते काम धूर खेचणारी यंत्रणा असलेल्या प्रयोगशाळेतल्या तज्ज्ञाचं आहे, त्यामुळे अशी पानं आम्ही घेत नाही.

हस्तलिखितं आली की पहिला प्रश्न शाईचा. लोहयुक्त शाई असेल तर पाण्याचा ओलावा धोक्याचा, कारण विरघळणारं लोह ओलीबरोबर आजूबाजूच्या कोऱ्या कागदात पसरतं आणि तिथलाही कागद खातं. असं लोह दाखवणारी बॅथोफेनॅन्थ्रोलिन या रसायनाची चाचणीपट्टी किंचित ओली करून शाईवर टेकवली आणि ती गुलाबी झाली, तर तिथे खळ वापरायची नाही. जिलेटिनचा थर देऊन वाळवलेला टिश्यू जेमतेम दमट करून लावतो. गुळगुळीत चकचकीत कागदालाही खळ चालत नाही, तिथे उष्णतेने चिकटणारा टिश्यू घेतो.

वाचकांच्या हातांत फिरणाऱ्या पुस्तकांत सर्वांत जास्त दिसतो तो सैल सांधा (पुठ्ठा कण्याला मिळतो ती जागा) : पुस्तकाचं अंग पुठ्ठ्यापासून सुटू लागलेलं, पण अस्तर-कागद, म्हणजे पुठ्ठ्याच्या आत चिकटवलेला कागद, शाबूत. ही दुरुस्ती ग्रंथालयातच करता येते. पुस्तक उभं धरून विणकामाची सुई गोंदात बुडवायची, सांध्याच्या पोकळीत घालून फिरवायची. गोंद म्हणजे ग्रंथकामासाठीचा पीव्हीए (लवचीक राहणारा कृत्रिम गोंद), त्यात मिथाइल सेल्युलोज (पाण्यात विरघळणारा सौम्य चिकट पदार्थ) मिसळलेलं, म्हणजे तो सावकाश वाळतो आणि हाताला वेळ मिळतो. पुठ्ठ्याच्या आत मेणकागद ठेवून, बाहेरच्या खाचेत सुया बसवून पुस्तक रात्रभर वजनाखाली. सुई फार भरली तर गोंद बाहेर येतो आणि पहिलं पान चिकटतं.

कणा तुटला असेल तर जुना कणा सोलून बाजूला ठेवतो आणि दोन्ही पुठ्ठ्यांवरचं कापड सांध्याच्या बाजूने २५ ते ३० मिलिमीटर उचलतो. नवं कापड त्याखाली जातं. वर-खाली १५ मिलिमीटर दुमड, सांध्याची खाच ६ ते ७ मिलिमीटर. कण्यावर कागदाची पोकळ नळी लावतो, म्हणजे पुस्तक उघडताना आवरण मोकळं राहतं आणि पानं सपाट पडतात. कापड, नळी, अस्तर, सगळ्याचा ग्रेन, म्हणजे धाग्यांची दिशा, कण्याला समांतर हवा. आडवा झाला तर ओल लागताच कागद उंचीत फुगतो आणि कण्याजवळ लाटा येतात. शेवटी नावासह जुना कणा नव्या कापडावर परत बसवतो.

सगळ्यांत अवघड भाग हत्यारांचा नाही, निवडीचा आहे. पानाचा कोपरा पुढे-मागे दुमडून पाहतो. दोन-तीन घड्यांत तुटला तर त्या पुस्तकाला शिवण नको आणि सांधाही नको. १८०७ मध्ये जर्मनीतल्या इलिग यांनी मांडलेली, कागदावर शाई फुटू नये म्हणून द्यायची तुरटी-राळेची कांजी आणि पुढे आलेला लाकडाच्या लगद्याचा कागद, या दोन्हींमुळे त्यानंतरच्या काळातली असंख्य पुस्तकं आम्लाने आतून ठिसूळ झाली आहेत. अशांना आम्ही आम्लमुक्त पुठ्ठ्याची पेटी करतो. लांबी, रुंदी आणि जाडी सर्वांत फुगलेल्या जागी मोजायची आणि १ ते २ मिलिमीटर मोकळीक ठेवायची. सैल पेटीत पुस्तक आपटत राहतं. ४ नोव्हेंबर १९६६ च्या इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या पुरानंतर तिथल्या राष्ट्रीय ग्रंथालयात काम केलेल्या ग्रंथजतनकार पीटर वॉटर्स यांनी पुढे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये टप्प्याटप्प्याचं जतन रुजवलं : आधी सगळा संग्रह सुरक्षित करायचा, मग एकेका पुस्तकाकडे वळायचं. आम्ही ग्रंथालयांना कामाचा क्रम याच धोरणाने सुचवतो.

पुस्तक आमच्याकडे पाठवताना सुटे तुकडे त्या पानाचा क्रमांक लिहिलेल्या पाकिटात ठेवावेत, रबरबँड न लावता रुंद सुती फितीने बांधावं आणि पूर्वी काही दुरुस्ती झाली असेल तर चिठ्ठीवर कळवावं. आमच्याकडून परत जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकासोबत वापरलेली खळ, टिश्यूचं वजन आणि हात लावलेली पानं यांची नोंद जाते. पुढच्या दुरुस्तकाला आमचं काम सोडवायचं असेल, तर काय भिजवायचं आणि काय नाही हे त्यातून कळतं.