लोकांनी बदलून घेतलेला रेसलमेनिया

रविवार, रात्र

आज सगळी कामं बाजूला सारून रेसलमेनिया ३०, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकन कुस्ती कंपनीचा वर्षातला सगळ्यात मोठा शो, पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. तुकड्यातुकड्यांत कितीदा तरी पाहिलाय, पण सलग असा बऱ्याच वर्षांनी. ६ एप्रिल २०१४, न्यू ऑर्लिन्सचं सुपरडोम, डब्ल्यूडब्ल्यूईने जाहीर केलेला प्रेक्षकांचा आकडा ७५,१६७. मोबाइलवर या शोचे दोनच तुकडे फिरत असतात. एक, अंडरटेकर हरतो तो. दुसरा, डॅनियल ब्रायन दोन्ही हातांत विजेतेपदाचे बेल्ट घेऊन उभा राहतो तो. त्या रात्रीची गोष्ट मात्र या दोन तुकड्यांत मावत नाही. ती मॅचच्या क्रमात आहे, आणि सगळ्यात जास्त खुर्च्यांवर बसलेल्या माणसांत आहे.

तिची सुरुवात जानेवारीत झाली. २६ जानेवारीला पिट्सबर्गला रॉयल रंबल होती: तीस जण एकेक करून रिंगमध्ये येतात आणि शेवटी उरतो तो रेसलमेनियात बेल्टसाठी लढतो. कंपनीचा बेत सरळ होता: बटिस्टा चार वर्षांनी परत आलाय, त्याने रंबल जिंकायची आणि रेसलमेनियाच्या शेवटच्या मॅचमध्ये बेल्टवाल्या रँडी ऑर्टनला भिडायचं. लोकांना हवा होता ब्रायन. तो त्या रात्री आधी ब्रे वायटकडून हरला आणि मग रंबलमध्ये आलाच नाही. तिसावा आणि शेवटचा माणूस म्हणून रे मिस्टेरिओ आला. रे मिस्टेरिओ! ज्याच्यावर लहान पोरांपासून सगळ्यांनी जीव टाकला, त्याला लोकांनी हुर्यो करून बेजार केलं, कारण तो ब्रायन नव्हता. बटिस्टा जिंकला तेव्हा तर अख्खं सभागृह त्याच्यावर उलटलं. नायक म्हणून आणलेला माणूस एका रात्रीत खलनायक झाला.

मग मार्चमध्ये मेम्फिसला ‘रॉ’ या कंपनीच्या दर आठवड्याच्या कार्यक्रमात ब्रायनने त्याचे टी-शर्ट घातलेल्या माणसांनी रिंग भरून टाकली आणि मागणी मान्य झाल्याशिवाय हलणार नाही म्हणाला. पैलवान आणि कंपनीचा अधिकारी असलेल्या ट्रिपल एचला कबूल करावं लागलं: माझ्याशी लढ, आणि जिंकलास तर त्याच रात्री शेवटच्या मॅचमध्ये तिसरा म्हणून उतर. हे सगळं लिहिलेलंच होतं, स्टोरीलाइनच होती. पण ती तशी लिहायला लावली ती लोकांनी. मला कुणी ‘सगळं आधीच ठरलेलं असतं’ असं ऐकवलं की मला हे आठवतं. कोण जिंकणार ते ठरलेलं असतं. लोक कुणाच्या पाठीशी उभे राहतील ते कुणालाच ठरवता येत नाही, आणि त्या वर्षी लोकांनी अख्ख्या कंपनीला बेत बदलायला लावला.

शोच्या सुरुवातीला हल्क होगन, स्टीव्ह ऑस्टिन आणि रॉक एकाच रिंगमध्ये. छान वाटलं पाहायला. पण खरी सुरुवात ट्रिपल एचच्या एंट्रीने. सिंहासनावर बसलेला, तोंडावर कवटीचा मुखवटा, अंगावर सोनेरी चिलखत. आजूबाजूला तीन मुखवटेवाल्या मुली त्याचा साज उतरवायला उभ्या. या तिघींकडे तेव्हा कुणी पाहिलंही नसेल. त्या होत्या शार्लट, साशा बँक्स आणि अलेक्सा ब्लिस. आज त्या प्रसंगावर थांबले, मागे नेऊन पुन्हा पाहिला.

समोरून ब्रायन आला तो साधा, डाव्या खांद्याला पट्ट्या लावलेला, दाढी वाढलेली. उंचीने, अंगाने या धंद्यात लहानच. मोठ्या देहाच्या माणसांवर चाललेल्या कंपनीत अॅबरडीनचा हा मुलगा १९९९ पासून लहानलहान हॉलमध्ये कुस्त्या मारत वर आलेला. सत्ताधाऱ्यांची भूमिका करणारे ट्रिपल एच आणि त्याची बायको स्टेफनी त्याला कित्येक महिने ‘बी प्लस’ म्हणून हिणवत होते.

मॅच पंचवीस मिनिटांच्या वर चालली आणि एक क्षण वाया गेला नाही. ट्रिपल एच पहिल्यापासून त्या दुखऱ्या हाताच्या मागे लागला. ओढला, मुरगळला, टेबलावर आपटला. क्रॉसफेस या पकडीत अडकवला तेव्हा कॅमेरा ब्रायनच्या बोटांवर गेला. दोरीपासून थोड्याच अंतरावर ती बोटं उघडझाप करत होती. असं बारकाईने काम करणारे दोघं समोरासमोर आले की पैलवानांची मोठी नावं, फटाके, सगळं मागे पडतं. पेडिग्री हा ट्रिपल एचचा हुकमी डाव बसला तरी पंचाने तीन मोजायच्या आत, दोनवरच, ब्रायनने खांदा उचलला. आणि मग धावत येऊन तो गुडघा. एक, दोन, तीन. मधे कुणी आलं नाही, फसवाफसवी नाही. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख विन्स मॅकमन यांचा जावई, कंपनीचा मोठा अधिकारी, पहिल्याच मॅचमध्ये स्वच्छ हरला. ट्रिपल एचबद्दल लोक काहीही म्हणोत, त्या रात्री त्याने ब्रायनला जे दिलं ते मी विसरणार नाही. नंतर त्याने खुर्ची घेऊन तोच खांदा पुन्हा फोडला, म्हणजे शेवटच्या मॅचची काळजी लागून राहिली. माझ्या मते त्या रात्रीची सगळ्यात चांगली मॅच हीच.

मधला भाग भरभर गेला. शील्ड या तिघांच्या गटाने केन आणि न्यू एज आउटलॉजना तीन मिनिटांच्या आत उडवलं. आंद्रे द जायंटच्या नावाच्या बॅटल रॉयलमध्ये सेझारोने बिग शोला उचलून दोरीवरून बाहेर टाकलं. केवढी ताकद! सेना आणि ब्रे वायटची मॅच चांगली होती, पण ती वायटने जिंकायला हवी होती. सेनाला त्या विजयाची काही गरज नव्हती, वायटला फार होती. माझं हे मत आज आणखी पक्कं झालं.

आता अंडरटेकर.

आमच्या बिल्डिंगमधली सगळी पोरं डब्ल्यूडब्ल्यूएफच्या (कंपनीचं तेव्हाचं नाव) पत्त्यांवर वाढलेली. उंची, वजन, छाती, दंड. अंडरटेकरचा पत्ता हातात आला की तो कुणी सहजी सोडायचं नाही. १९९१ मध्ये त्याने जिमी स्नुकाला हरवलं तिथपासून रेसलमेनियात तो हरलाच नव्हता. जेक रॉबर्ट्स, डिझेल, केन, बटिस्टा, एज, शॉन मायकल्स दोनदा, ट्रिपल एच तीनदा, सीएम पंक. एकवीस विरुद्ध शून्य. दर वर्षी बाकी काहीही होवो, ही एक गोष्ट जागची हलणार नाही हे आम्हाला माहीत होतं.

ब्रॉक लेस्नरबरोबरची ही मॅच खरं सांगायचं तर संथ आहे. अंडरटेकरला मॅच चालू असताना डोक्याला मार बसला होता. ती मॅचच आठवत नाही, असं त्याने पुढे स्वतः सांगितलंय. हे कळल्यावर ती मॅच पाहणं अवघड जातं. तो पायावर उभा राहतोय तेच पुष्कळ. लेस्नरने एफ-फाइव्ह हा आपला हुकमी डाव दोनदा मारला, दोन्ही वेळा तो वाचला. अंडरटेकरने टूम्बस्टोन हा आपला डाव मारला, त्यातून लेस्नर वाचला. दुसऱ्या टूम्बस्टोनसाठी उचलायला गेला आणि लेस्नरने तो उलटवून तिसरा एफ-फाइव्ह मारला. पंचाचा हात तिसऱ्यांदा पडला.

आणि काहीच झालं नाही. संगीत लगेच वाजलं नाही. लोक ओरडले नाहीत, हुर्यो केली नाही. लेस्नरचा मॅनेजर पॉल हेमन तोंडाचा आ वासून, डोळे विस्फारून उभा. प्रेक्षकांत कुणी डोक्याला हात लावलेला, कुणी शेजारच्याकडे बघतोय की मी पाहिलं ते तूही पाहिलंस ना. पडद्यावर २१-१ उमटलं तेव्हा कुठे लोकांना खरं वाटायला लागलं. मी इतके सामने पाहिले, कुस्तीच्या फडावरही बसलेय, एखाद्या मानाच्या पैलवानाची पाठ टेकली की उठणारा कल्लोळ ऐकलाय. पण हजारोंच्या गर्दीची अशी वाचा बसलेली मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

आपल्याकडे तेव्हा सोमवार उजाडला होता, मी घरी टीव्हीसमोर होते. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि माझ्याकडे पाहून तिने विचारलं, “काय गं, कुणाचं काय झालं?” मी म्हटलं, अंडरटेकर हरला. तीही खुर्चीत बसली. आम्ही लहान असताना तिने त्याच्या घंटेचा आवाज इतक्यांदा ऐकला होता की तो तिच्याही ओळखीचा होता. थोड्या वेळाने दादाचा फोन आला. “बघितलंस?” “हो.” पुढे बराच वेळ दोघंही गप्प, आणि फोन कुणी ठेवेना.

रिंगमधून उठून अंडरटेकर एकटा चालत गेला आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. पडद्यामागे तो कोसळला. विन्स मॅकमन आपला सगळ्यात मोठा शो चालू असताना तो टाकून त्याच्याबरोबर हॉस्पिटलला गेले.

आता क्रमाचं सांगते. यानंतरची मॅच बायकांची होती. चौदा जणी, बेल्ट एजे लीचा. सभागृहात कुणाचं लक्ष रिंगकडे नव्हतं. लोक एकमेकांशी बोलत होते, फोनवर होते, नुसते बसून होते. त्या चौदा जणींना जेमतेम सात मिनिटं देऊन लोकांना सावरायला वेळ मिळावा म्हणून वापरून घेतलं गेलं. एजे लीने नेओमीला ब्लॅक विडो या पकडीत अडकवून बेल्ट राखला, आणि तिच्या त्या चिकाटीला दाद द्यायलाही कुणी नव्हतं. आज मला या गोष्टीचा फार राग आला. कारण मुखवटा घालून ट्रिपल एचच्या सिंहासनाशेजारी उभी असलेली शार्लट पाच वर्षांनी, २०१९ मध्ये, बेकी लिंच आणि राँडा राऊझीबरोबर रेसलमेनियाची शेवटची मॅच लढली. ताकद तेव्हाही तिथेच, त्याच इमारतीत होती.

मग शेवटची मॅच. विचार करून पाहा, सत्तर-पंच्याहत्तर हजार माणसं सुतकात बसलेली आणि एक हात दुखावलेल्या माणसाने त्यांना उठवायचं. ब्रायनची एंट्री झाली तेव्हा त्याच्या चाहत्यांचा बोटं वर करून ‘येस-येस’चा घोष सुरू झाला, पण शोच्या सुरुवातीसारखा नव्हता, आवाजात जोर नव्हता. तो त्यांना मॅचभर थोडं थोडं परत आणतो. ऑर्टन आणि बटिस्टाने मिळून त्याला टेबलावर आपटलं आणि स्ट्रेचरवरून न्यायला लागले तेव्हा लोक पुन्हा त्याच्यासाठी ओरडू लागले. तो स्ट्रेचरवरून उतरला. त्याआधी ट्रिपल एच आणि स्टेफनी आपला पंच घेऊन आले होते, त्या तिघांवर त्याने दोरीतून झेप घेतली होती. ट्रिपल एचने काढलेला हातोडा त्याच्याच अंगावर पडला होता. शेवटी बटिस्टाला गुडघा, मग येस लॉक ही ब्रायनची पकड, आणि एवढ्या मोठ्या देहाच्या बटिस्टाने टॅप केलं, म्हणजे हात आपटून हार मानली. तोवर पंच्याहत्तर हजार माणसांची बोटं वर गेलेली होती. अंडरटेकरच्या धक्क्यानंतर हे घडवून आणणं, ब्रायनची सगळ्यात मोठी कामगिरी मी हीच मानते. मोठमोठ्या नावांपैकी किती जणांना ते जमलं असतं, मला शंका आहे.

जिंकल्यावर तो कठड्याशी गेला आणि पहिल्या रांगेतल्या एका आठ वर्षांच्या मुलाला त्याने मिठी मारली. त्या मुलाला कर्करोग होता, ब्रायन त्याचा सगळ्यात लाडका. त्याच महिन्यात तो मुलगा गेला. पुढे त्याच्या नावाने बालकर्करोगासाठी निधी उभा राहिला, आणि तो उभा करणारे म्हणजे त्या रात्रीचे खलनायक, ट्रिपल एच आणि स्टेफनी.

ब्रायनला त्या बेल्टचं सुख फार मिळालं नाही. मे महिन्यात मानेचं ऑपरेशन, जूनमध्ये बेल्ट काढून घेतला, २०१६ मध्ये निवृत्ती. लेस्नरने मात्र ऑगस्टमध्ये समरस्लॅमला सेनाला सोळा सुप्लेक्स मारून कमावलेलं वसूल केलं. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर ब्रायन परत आला तो ८ एप्रिल २०१८ ला, रेसलमेनिया ३४ मध्ये, त्याच सुपरडोममध्ये. येस लॉकमध्ये सॅमी झेनने टॅप केलं. त्याच रात्री तिथेच अंडरटेकरने सेनाला तीन मिनिटांच्या आत हरवलं, आणि शार्लटने असुकाची अपराजित मालिका मोडली. असुका हरल्याचा धक्का मला त्या वेळी बराच बसला होता. पुढच्या रविवारी रेसलमेनिया ३४ लावणार आहे. दादाला आत्ताच मेसेज केलाय, घरी ये म्हणून, आणि वहिनीलाही घेऊन ये.