वृद्धांचा वॉर्ड मी का निवडला

इंग्लंडमध्ये मी जेरिअ‍ॅट्रिक्स, म्हणजे वृद्धांचं वैद्यक, घेतलं हे फोनवर सांगितलं तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "कार्डिओलॉजी मिळाली नाही का रे?" नातेवाईक अजूनही हेच विचारतात, म्हणून आज सविस्तर लिहितोय.

निर्णय झाला तो एका आजींमुळे. वय 84, घरात तीनदा पडल्या म्हणून दाखल केलेल्या. कागदावर कुणीतरी 'डिमेन्शिया?' (म्हणजे स्मृतिभ्रंश) लिहून ठेवलं होतं. पलंगावर बसून त्या चादरीवरचं, तिथे नसलेलं काहीतरी बोटांनी वेचत होत्या. राउंडला आमच्या कन्सल्टंटबाई खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसल्या आणि मला म्हणाल्या, कुठली गोळी कधी आणि कशासाठी सुरू झाली, ते क्रमाने वाच.

रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन. तिने पाय सुजले. सूज उतरावी म्हणून लघवी वाढवणारी गोळी. (ही सूज अंगात पाणी साठल्याने येत नाही, बारीक रक्तवाहिन्या रुंदावल्याने येते, त्यामुळे त्या गोळीचा फारसा उपयोगच होत नाही.) मग सारखं बाथरूमला पळावं लागतं म्हणून मूत्राशय शांत करणारी ऑक्सिब्युटिनिन. तिने पोट कडक झालं आणि डोकं गढूळ. प्रत्येकाने समोर दिसलेल्या त्रासावर इलाज केला होता; या सगळ्या गोष्टी एका ओळीत मांडून कुणी पाहिल्या नव्हत्या.

बाईंनी आजींचा रक्तदाब झोपवून घेतला, मग उभं करून तीन मिनिटांत पुन्हा. वरचा आकडा 20 ने उतरला तरी आम्ही सावध होतो. त्यांचा 40 ने उतरला. पडण्याचं कारण तिथेच सापडलं, कुठल्याही स्कॅनशिवाय.

मला हे काम तेव्हा आवडलं. हृदयातली बंद नळी उघडणं मोठंच काम आहे, मी ते पाहिलंय. पण इथे माणूस अख्खा समोर असतो: गोळ्या, पाय, कान, एकटेपण, घरातला जिना. पॅथॉलॉजी घेतलेला माझा एक मित्रही असंच काही सांगतो. त्याला रुग्ण भेटत नाही, पण गाठ कॅन्सरची की साधी, हे त्याच्या काचपट्टीवर ठरतं. शाखा निवडताना रात्रीची झोप मिळणं हेही एक कारण असतं, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

ही शाखा उभी राहिली तीही कुणी नको म्हटलेल्या रुग्णांमुळे. 1935 मध्ये लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स हॉस्पिटलकडे शेजारच्या अनाथ-गरिबांच्या इस्पितळातले शेकडो रुग्ण आले. 'बरे न होणारे' म्हणून बरेच जण वर्षानुवर्षं अंथरुणात पडून होते. डॉ. मार्जरी वॉरन यांनी एकेकाला नीट तपासलं, उठवलं, चालवलं, आणि कित्येकांना घरी पाठवलं.

सगळे घरी जात नाहीत, हेही सांगायला हवं. आमच्याकडे मृत्यू वारंवार येतो, आणि त्याआधीचं बोलणं घाईत उरकता येत नाही.

आजींच्या त्या गोळ्या बंद झाल्या, पोट साफ झालं, मुलीने श्रवणयंत्राची बॅटरी आणून दिली. आठव्या दिवशी सकाळी त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी माझं आडनाव विचारलं, तीनदा अडखळत म्हणून पाहिलं, आणि चौथ्यांदा बरोबर म्हटलं.