भोंग्यानंतर किती वेळ?

गळीत हंगाम सुरू झाला की आमच्या अपघात विभागात उसाच्या ट्रॉलीचे पेशंट यायला लागतात. त्या रात्री सव्वादहाला राधानगरी रस्त्याकडून जीपमध्ये घालून आणलेला तरुण बीडकडचा ऊसतोड कामगार होता. भरलेल्या ट्रॉलीवरून पडला आणि चाक कमरेवरून गेलं. नाडी १३०, वरचं प्रेशर ८०, हातपाय गार. सोनोग्राफीत पोटात रक्त दिसेना. ओटीपोटाचं हाड मोडून ते आतल्या आत साचत होतं. चादरीची घडी करून दोन्ही खुब्यांवरून आवळून बांधली. ही चादर बरेचजण वर कमरेला बांधतात, तिथं तिचा उपयोग नाही. रक्तपेढीला फोन केला, अंगावर ब्लँकेटं टाकली.

राहिलं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. पाळीत जास्त रक्त जाणाऱ्या बायकांना याच्याच गोळ्या देतात. झालेली रक्ताची गुठळी ते विरघळू देत नाही. २०१० साली ‘क्रॅश-२’ हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ४० देशांतल्या २०,००० हून अधिक जखमींवर तो झाला आणि त्यात आपल्याकडचेही पेशंट होते. या औषधानं मृत्यू कमी झाले. पण पुढच्या वर्षी त्याच आकड्यांची वेळेनुसार फोड केली, तेव्हा कळलं की फायदा पहिल्या ३ तासांतच आहे. त्यानंतर दिलेल्यांत रक्तस्रावाचे मृत्यू उलट वाढलेले दिसले.

म्हणजे सगळं एका प्रश्नावर येऊन थांबलं: हा पडला किती वाजता?

गावातल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘ट्रॉलीवरून पडला, पुढील उपचारासाठी’ एवढंच. जीपवाला म्हणाला, “आत्ता मगाशीच की वो डॉक्टर, तासबी झाला नसंल.” भाऊ म्हणाला, “लई येळ झाला साहेब, दिस मावळायच्या आधीच पडला.” एकाचं खरं मानलं तर इंजेक्शन लगेच द्यायचं, दुसऱ्याचं मानलं तर हातच लावायचा नाही. घाबरलेल्या माणसाला घड्याळ विचारून उपयोग नसतो. मी बाहेर त्याच्या बायकोजवळ बसलो.

“ताई, कळलं तेव्हा तुम्ही काय करत होता?”

“आठचा भोंगा झाला अन् म्या भाकरी टाकाया बसले. दुसरी भाकर तव्यावर व्हती, तवा पोरगं वरडत आलं.”

कारखान्याचा भोंगा चुकत नाही. तरी मुकादमाचा मोबाइल मागून घेतला. जीपवाल्याला केलेला पहिला फोन ८ वाजून २२ मिनिटांचा. जीपवाल्याचा तास गावच्या दवाखान्यातून निघाल्यापासूनचा होता. सव्वादोन तास झाले होते, पाऊण तास हातात होता. तोही पुरवून वापरायचा नसतो, कारण दर १५ मिनिटांच्या उशिरानं औषधाचा फायदा साधारण १० टक्क्यांनी घटतो, असं २०१८ च्या एका विश्लेषणात दिसलंय. १ ग्रॅम दहा मिनिटांत दिलं, दुसरा ग्रॅम ८ तासांत जाईल असा लावला.

तो वाचला. एकट्या इंजेक्शनमुळं वाचला असं मी म्हणणार नाही. रक्ताच्या पिशव्या वेळेवर मिळाल्या आणि हाडाच्या डॉक्टरांनी पहाटेपर्यंत जागून काम केलं, याचा वाटा मोठा आहे.

दुसऱ्या दिवशी त्या गावच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांना हे औषध माहीत होतं, पण जखमीला आपणच पहिला डोस द्यावा हे कुणी सांगितलं नव्हतं. आता त्यांच्या चिठ्ठीवर पहिल्या ओळीत दुखापतीची वेळ असते आणि तिच्याखाली डोस दिल्याची.