तुम्ही विचारलंत म्हणून: पेशंटला न भेटता कारण कसं कळणार?

मी डेन्मार्कमध्ये नोंदींवर काम करतो म्हटलं की नातेवाईक काय, मित्र काय, सगळ्यांचा एकच प्रश्न. स्किझोफ्रेनियासारखा मनाचा आजार, तू ना पेशंटशी बोलत ना त्याच्या आईवडिलांना भेटत, मग नुसत्या सरकारी आकड्यांवरून कारण कसं कळणार?

माझं मत विचाराल तर कारणांच्या बाबतीत न विचारताच जास्त खरं कळतं. ज्या आईच्या मुलाला ऐन विशीत आवाज ऐकू यायला लागतात ती रात्र रात्र जागून आठवत बसते, गरोदरपणात ताप आला होता का, ग्रहणात बाहेर पडले होते का, लहानपणी त्याला फार मारलं का. शेजारच्या निरोगी मुलाची आई असलं काही आठवायला जातच नाही, तिला गरजच पडत नाही. मग दोघींना विचारून तुलना केली की आजारी मुलाच्या आईकडे ढीगभर कारणं निघणारच. नोंद मात्र मूल जन्मलं तेव्हाच झालेली असते, पुढे काय होणार हे कुणालाच माहीत नसताना.

इथे १९६८ पासून प्रत्येकाला, आपल्या आधारसारखा, दहा आकडी सीपीआर नंबर असतो, पहिले सहा आकडे जन्मतारखेचे. आईवडील, भावंडं, पत्ता, हॉस्पिटल सगळं त्यालाच जोडलेलं, आणि मनोरुग्णांच्या ॲडमिशन १९६९ पासून कॉम्प्युटरवर. आम्हाला नावं दिसत नाहीत, नंबरसुद्धा बदलून मिळतो.

१९९९ मध्ये इथले संशोधक प्रेबेन बो मॉर्टेन्सन आणि सहकाऱ्यांनी अशा साडेसतरा लाख लोकांच्या नोंदी तपासल्या, त्यात स्किझोफ्रेनियाचे २,६६९ पेशंट. आईला आजार असेल तर मुलाला धोका सुमारे ९ पट, वडिलांना असेल तर ७ पट. इथवर ऐकलं की लोक म्हणतात, बघा, घराण्यातच असतं. पण आईवडील किंवा भावंडांना हा आजार असलेली माणसं मुळात थोडी, त्यामुळे एकूण केसेसपैकी जेमतेम ५.५ टक्के त्या खात्यात जातात! (जीन्सचा वाटा एवढाच असं मात्र नाही हं, जीन्स निरोगी आईवडिलांकडूनही येतात.) उलट राजधानीत जन्मलेल्यांना धोका खेड्यातल्यांच्या २.४ पट, आणि शहरांत जन्मणारे भरपूर, म्हणून जन्मस्थळाच्या खात्यात जवळपास ३५ टक्के.

मग शहरात नेमकं काय आहे, हवा, गर्दी, इन्फेक्शन? २००६ मध्ये त्याच ग्रुपने भावंडांच्या नोंदी जोडून पाहिल्या तेव्हा मला फार आवडलेली एक गोष्ट निघाली, की थोरलं भावंड शहरात जन्मलं आणि मग कुटुंब खेड्यात गेलं, तर खेड्यात जन्मलेल्या धाकट्यालाही धोका जास्तच. म्हणजे निदान काही भाग जन्माच्या जागेचा नाही, कुटुंबाबरोबर फिरणारा आहे. हे कुठल्या आईला विचारून कळलं असतं, सांगा.

नोंदींना सगळं दिसतं असं मी म्हणणार नाही. १९९५ पर्यंत फक्त ॲडमिट झालेलेच मोजले जायचे, ओपीडीतले नाहीत, आणि जो हॉस्पिटलात आलाच नाही तो आजही आमच्या टेबलात निरोगी म्हणूनच बसतो. आता नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेले रक्ताचे सुकलेले थेंब, जे इथे जपून ठेवलेले असतात, त्यांच्यातले जीन्स या नोंदींना जोडलेत, त्यामुळे कुटुंबाबरोबर फिरणारं ते जे काही आहे त्यातलं जीन्समधलं किती आणि राहणीतलं किती हे वेगळं करून बघता येतं.