स्वस्त वूफरची किंमत ठरते ती मोजल्यावर

पुण्याच्या तपकीर गल्लीतून मी साडेसहा इंची दोन वूफर (खालचे जाड सूर वाजवणारे स्पीकर) आणले, प्रत्येकी 900 रुपयांना. "साहेब, मॅग्नेट उचलून बघा," असे दुकानदार म्हणाले. मॅग्नेट खरोखरच जड होते, पण फेराइटच्या वजनावरून कॉइलच्या फटीत चुंबकीय क्षेत्र किती आहे हे कळत नाही. त्याचा अंदाज येतो क्यूटीएसवरून, म्हणजे कोनचे डोलणे किती घट्ट आवरले जाते हे सांगणाऱ्या आकड्यावरून; आकडा लहान तेवढा आवर घट्ट. नेव्हिल थील या अभियंत्यांनी 1961 मध्ये आणि त्यानंतर रिचर्ड स्मॉल यांनी स्पीकर आणि पेटीचे जे गणित बसवून दिले, त्यामुळे आपल्यासारख्या घरी स्पीकर बांधणाऱ्यांना लाकूड कापण्याआधीच बराचसा निकाल कळू शकतो.

खोक्यावर क्यूटीएस 0.45 छापला होता आणि त्या आकड्यावर विसंबून मी 10 लिटरची बंद पेटी आखली होती. मात्र 100 ओहमचा एक रेझिस्टर, संगणकाचे साउंड कार्ड आणि आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन इम्पीडन्सचा (प्रत्येक सुराला वूफर विजेला किती अडवतो त्याचा) आलेख काढला, नंतर कोनवर मापून 10 ग्रॅम माती चिकटवून तो पुन्हा काढला, तेव्हा क्यूटीएस 0.62 आणि व्हीएएस (कोनच्या लटकणीइतकी लवचीक असलेली हवा) 14 लिटर निघाला. त्या 10 लिटरच्या पेटीत क्यूटीसी, म्हणजे पेटीत बसवल्यावरचा तोच आकडा, 0.96 झाला असता, म्हणजे 140 हर्ट्झच्या आसपास सुमारे एक डेसिबलचा उंचवटा. पुरुषी आवाजाला जडपणा येतो तो याच भागात. पेटी 20 लिटरची केली तर क्यूटीसी 0.81 वर उतरतो आणि हे मला चालण्यासारखे वाटते. प्लायवूड थोडे जास्त लागते, एवढेच.

छापील आकडा चुकीचा निघाला म्हणून मी हे वूफर टाकाऊ मानत नाही. दोन्ही नगांचे आलेख जवळजवळ एकमेकांवर बसले आणि स्वस्त मालात मला हाच गुण सर्वांत मोलाचा वाटतो, कारण चुकलेल्या आकड्याला पेटीने सावरता येते, पण डावा-उजवा जुळत नसेल तर गायक मधोमध उभा राहत नाही.

संवेदनशीलतेच्या, म्हणजे ठरावीक विजेवर किती मोठा आवाज निघतो त्या आकड्याकडेही नीट पाहावे. 4 ओहमच्या ड्रायव्हरला (पेटीत बसवायच्या सुट्या स्पीकरला) 2.83 व्होल्ट दिले की तो 2 वॅट घेतो; म्हणून तसे मोजलेले 87 डेसिबल एका वॅटला 84 च भरतात.

क्रॉसओव्हरचा, म्हणजे कोणते सूर कोणत्या स्पीकरला जातील हे वाटून देणाऱ्या सर्किटचा खर्च मात्र बहुतेक जण हिशेबात धरत नाहीत. धातूच्या कोनचा वूफर वरच्या पट्टीत तीव्रपणे किंचाळू लागला, तर त्याला दाबायला वेगळी कॉइल आणि कपॅसिटर लागतात, आणि तांब्याची चांगली कॉइल कधी कधी ड्रायव्हरच्याच किमतीला जाते. माझ्या वूफरचा कागदी कोन 3 किलोहर्ट्झच्या पुढे सावकाश उतरतो, त्यामुळे प्रत्येक बाजूला एक कॉइल आणि एक कपॅसिटर एवढ्यावर काम भागले. या उताराचे 900 रुपये मी आनंदाने दिले असते. पुढच्या जोडीसाठी याच वूफरचे आणखी दोन नग मागवले आहेत आणि तेही आधी मोजूनच पेटीत बसवणार आहे.