"फंक्शनल चेंज नाही" असं लिहिलेला पॅच

लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) मेमरी मॅनेजमेंटमधे क्लीनअपचे पॅच, म्हणजे कोड नीटनेटका करणारे बदल, सतत येत असतात, पाचदहा ओळींचे, आणि वर ठरलेलं वाक्य की फंक्शनल चेंज काही नाही, म्हणजे कोडचं वागणं तेच राहतं. मोठा पॅच आला की सगळे सावरून बसतात, हा मात्र नुसती नजर फिरवून पास होतो. मला हेच पटत नाही, कारण ते वाक्य म्हणजे दावा आहे आणि तो तपासायलाच तर रिव्ह्यू असतो ना.

केफ्रीच्या (मेमरी परत करणारं फंक्शन) आधीचा नल चेक, म्हणजे पॉइंटर रिकामा आहे का ते बघणं, काढलाय? काढू दे, केफ्रीला नल चालतो, पुढे चला. पण समजा दोन फंक्शनमधला सारखा कोड उचलून एक हेल्पर फंक्शन केलं आणि तिथे पेजेसची (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) संख्या अनसाइन्ड लाँगऐवजी साध्या इंटमधे, म्हणजे 64 बिटी मशीनवर त्याहून लहान प्रकारात घेतली, तर डिफमधे (जुन्या-नव्या कोडमधला फरक) ते इतकं निरागस दिसतं की विचारू नका. पुढे बाइट्स काढायला तीच संख्या पेज शिफ्टने डावीकडे सरकवायची, म्हणजे बिट्स सरकवून पेजच्या आकाराने गुणायची, 4 केबीच्या पेजला शिफ्ट 12, म्हणजे 5,24,288 पेजेस झाली की बरोब्बर 2 जीबी आणि 32 बिटी इंट संपला. आजच्या सर्व्हरवर 2 जीबीचं मॅपिंग म्हणजे किरकोळ, पण छोट्या टेस्ट व्हर्च्युअल मशीनवर हे कधी दिसणारच नाही, आणि कंपायलरही बहुतेक गप्पच बसतो.

दुसरी माझी 'लाडकी' जागा म्हणजे व्हीएम-बग-ऑन, कंसातली अट खरी ठरली तर बग जाहीर करणारा डीबग चेक. कोणीतरी दोन ओळींची एक करतं, रेफरन्स काउंट (ती मेमरी अजून किती जण वापरतायत तो आकडा) कमी करणारा कॉलच त्याच्या कंसात टाकतं. डीबग-व्हीएम कॉन्फिग बंद असेल तर कंसातलं काही चालतच नाही, काउंट तसाच राहतो आणि मेमरी लीक सुरू. पाठवणाऱ्याकडे डीबग चालू, त्यामुळे त्याच्या टेस्ट सगळ्या पास! रीड-वन्स (कंपायलरला व्हॅल्यू एकदाच वाचायला लावणारं) "उगाच आहे" म्हणून काढणारेही याच जातकुळीतले, लॉक न घेता वाचायचं असतं म्हणून ते तिथे असतं बाबांनो.

कोड हलवणं आणि बदलणं एकाच पॅचमधे असेल तर मी सरळ परत पाठवते, वेगळे करून आण म्हणते. नुसतं हलवलेलं असलं तर गिट डिफचा कलर-मूव्हड ऑप्शन लावला की नुसत्या न हललेल्या, म्हणजे बदललेल्या ओळी उठून दिसतात. आणि फक्त नावं बदलली म्हणत असतील तर आधीची आणि नंतरची ऑब्जेक्ट फाइल (कंपाइल झालेला कोड) ऑब्जडंपने वाचता येईल अशी काढून ताडून बघा, फक्त वॉर्न-ऑन (ओळ नंबरासकट इशारा देणारा चेक) असलेल्या फायलीत ओळ नंबर सरकल्यामुळेही फरक येतो, तो बघून घाबरू नका.