फूटभर उंच डेकसाठी साडेपाच फुटांचे खड्डे

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, दोन दिवसांवर आला होता. त्या दिवसांत नागपुरात साइटवरचं काम सकाळी सहाला सुरू करून अकराला थांबवावं लागतं, म्हणून उजाडताच बेसा भागातल्या त्या घरी पोहोचलो. निवृत्त शिक्षक काका, काकू आणि मागे छोटंसं अंगण. मागच्या दारासमोर 12 बाय 10 फुटांचा लाकडी डेक, म्हणजे फळ्यांचा ओटा, हवा होता. दाराचा उंबरा जमिनीपासून दीड फूट वर आणि काकूंचे गुडघे दुखरे. म्हणून डेकची उंची एक फूट ठरली.

चुन्याने आखणी करायला वाकलो तर जमिनीला हातभर लांबीच्या भेगा. एका भेगेत 12 एमएमची सळई सोडली. जोर न लावता ती तीन फूट खाली गेली. मग खिडकीकडे गेलो. तिथे कुलर बसवलेला, त्याच्या टाकीचं पाणी थेंबथेंब खाली गळत होतं. त्या सहा फुटांच्या पट्ट्यात एक भेग नाही, उलट काकूंचा पुदिना हिरवागार. एकच अंगण, पण अर्धं फुगलेलं आणि अर्धं आकसलेलं, आणि डेक नेमका दोन्हींवर बसणार होता.

हे पाहून पोटात गोळा आला, कारण दोन वर्षांपूर्वी अशाच जमिनीवर मी चुकलो होतो. तेव्हा दीड फूट खोदून पीसीसीचे, म्हणजे बिनसळईच्या काँक्रीटचे, ठोकळे टाकले आणि त्यावर फ्रेम उभी केली. पहिल्या पावसाळ्यात एक कोपरा जवळजवळ दोन इंच उचलला, फळ्या तिरप्या झाल्या आणि मागचं दार डेकला घासू लागलं. त्या घरच्यांनी मला फार बोल लावला नाही, पण ते दार मी विसरलेलो नाही.

काळी भारी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आकसते. तिच्यातल्या चिकणमातीचे कण आपल्या थरांमध्ये पाणी ओढून घेतात. घराच्या वजनाखाली ती थोडीफार दबते, पण डेक हलका. माझा हिशेब असा : माणसं, खुर्च्या धरून चौरस मीटरला 300 किलो, वर फ्रेम-फळ्यांचे 50. डेक सव्वाअकरा चौरस मीटरही पुरता नाही, म्हणजे एकूण भार चार टनांच्या आत. सहा खांबांत मधल्या प्रत्येकावर टनभर, कोपऱ्यांवर त्याच्या निम्मा. तोही सगळी माणसं बसली तरच. रिकामा डेक असताना खाली दाबायला काहीच नाही. म्हणून इथे खांब खाली खचण्याची नाही, वर उचलला जाण्याची भीती असते.

काकांना मी म्हटलं, ‘‘खड्डे काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत न्यावे लागतील.’’

‘‘फूटभर तर उंची आहे, अन् त्याच्यासाठी विहीर खोदून राहिले का?’’

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. खर्च त्यांचा होता. मी त्यांच्या हातात ती सळई दिली आणि भेगेत सोडायला सांगितली. त्यांनी सोडली, वर काढली, तिच्यावरची माती बोटांनी पुसली आणि म्हणाले, ‘‘खोदा.’’

बोळ लहान असल्यामुळे मशीन आत येत नव्हती. सब्बल, टिकाव आणि घमेली. साडेचार फुटांपर्यंत काळीच माती, मग पिवळट खडे मिसळू लागले आणि साडेपाच फुटांवर सब्बल ‘ठण्’ वाजली. मिस्त्रींनी मूठभर मुरूम वर आणून माझ्या तळहातावर ठेवला. कोरडा, भुसभुशीत, बोटांत चिकटत नव्हता.

तळाशी दीड फुटी चौकोनी पॅड, त्यातून 12 एमएमच्या चार सळ्या वर. खांबाला शटरिंगऐवजी आठ इंची गुळगुळीत पीव्हीसी पाइप तसाच ठेवून काँक्रीट भरलं. माती फुगली की खडबडीत खांबाला धरून वर ओढते, गुळगुळीत पाइपवरून घसरते. भोवती मुरूम धुमसून भरला आणि जमिनीच्या पातळीवर पाइपवर खिळ्याने एक रेघ ओढून ठेवली.

फ्रेमचा प्रश्न उंचीचा होता. मुख्य लोखंडी चौकोनी पाइपवर आडवे पाइप, त्यावर फळी अशी चवड लावली तर चार, चार आणि एक मिळून नऊ इंच गेले. खाली तीनच इंच उरतात. फुगलेली माती पाइपला टेकली की पुन्हा तेच. म्हणून दोन्ही पाइप एकाच पातळीत वेल्ड केले, सगळे 100 बाय 50 एमएमचे, आडवे सोळा इंचांवर. खाली सात इंच मोकळे मिळाले, वाराही खेळतो आणि उधई चढली तर दिसते. वेल्डिंगआधी कर्ण मोजले, दोन्ही 15 फूट साडेसात इंच. खांबांवरच्या बेस प्लेटखाली नट ठेवले, म्हणजे कधी लागलंच तर पान्ह्याने पातळी जुळवता येईल. घराच्या भिंतीला एकही बोल्ट मारला नाही. मध्ये इंचभर फट. घर आपल्या पायावर, डेक आपल्या.

सगळ्यात स्वस्त काम शेवटी केलं. कुलरच्या टाकीला नळी जोडून पाणी नालीत सोडलं आणि छताच्या पावसाळी पाइपचं तोंड डेकपासून लांब वळवलं. काकूंचा पुदिना कुंडीत हलवला.

ऑगस्टमध्ये चार दिवसांची झड उघडल्यावर गेलो. डेकखाली हात घालून खांबाचा पीव्हीसी पाइप चाचपला. माझी रेघ दिसत नव्हती. बोटाने ओली माती बाजूला केली तेव्हा दीड इंच खाली ती सापडली. मग पातळी बघायची पाण्याची नळी लावून डेकचे चारही कोपरे तपासले. पाणी चारही कोपऱ्यांवर एकाच उंचीला थांबलं. काकू फळीवर खुर्ची टाकून शेंगा सोलत होत्या.